तीनशे हातांचं जहाज

फार पूर्वी, जिथे वर्षातले पाच महिने समुद्रच गोठून बसतो अशा एका देशात, जहाजं बांधणारा एक म्हातारा मिस्त्री राहत असे. त्याने बसवलेल्या दोन फळ्यांमधून पाण्याचा थेंबही आत यायचा नाही, असा त्याचा लौकिक होता.

तिथल्या राजाकडे एक मोठं जहाज होतं. त्याच्या सपाट पाठीवरून शिकवलेले वीस गरुड उडत, दूरवर घिरट्या घालत आणि शत्रूची गलबतं हेरून परत जहाजावर येऊन बसत. एके काळी त्या जहाजाचा फार दरारा होता. आता मात्र ते सफरीला निघालं की मागोमाग दोरखंड घेऊन एक दणकट नाव जायची. वाटेत अडकलं तर ओढून कोण आणणार?

मिस्त्रीचा एकुलता एक मुलगा त्याच जहाजाचं सुकाणू धरायचा. जहाजाचा तळ कुजत आलाय, हे मिस्त्रीला ठाऊक होतं. त्यासाठी त्याने ओकाच्या जाड फळ्या तीन वर्षं सुकवून राजाच्या कोठारात रचून ठेवल्या होत्या. यंदा बर्फ वितळायच्या आत तळ बदलतो, असा शब्द त्याने सुनेला दिला होता.

राजाला मात्र दुरुस्तीत गोडी नव्हती. दर हिवाळ्यात प्रधान नव्या जहाजाचा लाकडी नमुना घेऊन यायचा, राजा हरखून जायचा आणि नमुना राजवाड्यातल्या दालनात जाऊन बसायचा. असे सहा नमुने झाले. दालनात सहा जहाजं आणि बंदरात एक!

त्या देशाचा एक रिवाज होता. नमुना दरबारात आला की मिस्त्रीने डांबरात हात बुडवून त्याच्या तळावर पंजा उमटवायचा. याचा अर्थ, हे जहाज माझ्या हातून बांधून होईल. त्या पंजाशिवाय नव्या जहाजासाठी कोठाराचं कुलूप निघत नसे. पण सहा पंजे उमटले तरी कुलूप एकदाही निघालं नव्हतं. त्यामुळे मिस्त्रीला तो नुसता उपचार वाटू लागला होता.

सातव्या हिवाळ्यात आलेला नमुना आधीच्या सगळ्यांवर कडी करणारा होता. तीनशे हात लांबीचं जहाज, चार मनोरे, दोनशे गरुड, आणि म्हणे बर्फ फोडत चालणार! बाजारात दुसरा विषयच उरला नाही.

“बाई गं, दोनशे गरुडांना मासळी कोण पुरवणार?” कोळीण म्हणाली. “आपल्या टोपल्या रिकाम्याच म्हणायच्या!”

“बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात,” दोरखंड वळणारा म्हणाला.

सगळ्यांत मोठ्याने मिस्त्री हसला. “अरे, आपली गोदी दोनशे हातांची आणि जहाज तीनशे हातांचं! नाकापेक्षा मोती जड. उरलेले शंभर हात काय बाजारात बांधायचे?”

लोक पोट धरधरून हसले.

दुसऱ्या दिवशी तीच माणसं दरबारात उभी होती. राजा सिंहासनावरून उतरून मिस्त्रीपाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, “मिस्त्री, तुझा शब्द मी मानतो. होईल ना रे हे?”

गोदीची लांबी मिस्त्रीच्या अगदी ओठांवर आली होती. त्याने आजूबाजूला पाहिलं. दोरखंड वळणारा खाली बघत होता. कोळीण शाल सारखी करत होती. मिस्त्रीने मनाशी म्हटलं, सहा झाले, हा सातवा. हाही दालनात जाईल. भर दरबारात राजाचा हिरमोड कशाला करा?

“होईल, महाराज,” तो म्हणाला आणि त्याने पंजा उमटवला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

पण त्या वसंतात शेजारच्या देशाचा राजदूत येणार होता. त्याला दाखवायला काहीतरी उभं हवं, म्हणून प्रधानाने कोठार उघडलं. मिस्त्रीच्या साऱ्या फळ्या नव्या जहाजाच्या नुसत्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला लागल्या. किनाऱ्यावर ती उंच नाळ रंगवून उभी केली, आणि तिच्या मागे काहीच नव्हतं.

मिस्त्री धावत प्रधानाकडे गेला. “प्रधानजी, त्या फळ्या जुन्या जहाजाच्या तळासाठी होत्या!”

“अहो, पंजा तुमचाच ना?” प्रधान म्हणाला.

राजाकडे जावं, असं मिस्त्रीला वाटलं. पण मग दरबारात खोटं बोललो, हे कबूल करावं लागलं असतं. तो तसाच घरी परतला.

बर्फ वितळला. राजदूताला सामोरं जायला जुनं जहाज निघालं. मुलाने विचारलं, “बाबा, तळ बदलायचा राहिला ना?”

“आलास की करू,” मिस्त्री म्हणाला.

पाचव्या दिवशी ती दणकट नाव एकटीच परत आली. कुजका तळ फुटून बुडणारं जहाज त्या नावेलाही पाण्याखाली ओढू लागलं, तेव्हा नावेवरच्या माणसांना कुऱ्हाडीने दोर तोडावा लागला होता. माणसं वाचवायला वेळच मिळाला नव्हता. वीस गरुड दोन दिवस बंदरावर घिरट्या घालत होते. बसायची त्यांची जागाच गेली होती.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री दरबारात गेला.

“महाराज, गोदी दोनशे हातांची आहे. ते जहाज तिथे कधीच बांधून झालं नसतं. त्यापायी जुन्या जहाजाच्या फळ्या गेल्या आणि माझा मुलगा गेला. त्याच्याबरोबर साठ घरांतली माणसं गेली.”

राजाने विचारलं, “हे तुला कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी.”

“आणखी कुणाला ठाऊक होतं?”

“साऱ्या बाजाराला, महाराज. आम्ही हसत होतो.”

“साऱ्या बाजाराला ठाऊक होतं, मग मला एकट्यालाच कुणी का नाही सांगितलं?” राजाने विचारलं.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“तुम्ही विचारलं होतंत, महाराज,” तो म्हणाला. “सिंहासनावरून खाली येऊन, मलाच विचारलं होतंत.”

तात्पर्य: बाजारात हसून सांगितलेलं खरं कुणालाच वाचवत नाही; जिथे विचारलं जातं, तिथे ते बोलावं लागतं.