तेहतीस अपक्षांचा म्होरक्या

“…पण पाच वर्षं त्यांना एकत्र बांधून ठेवायचं कसं, तात्या? तेवढं सांगा!”

मायाप्पा धनगर माळावरच्या बाभळीखाली लोकर कातत बसला होता.

विचारणारा होता अजिनाथ वाघमोडे. नुकताच निवडून आलेला अपक्ष आमदार. पोरवयात पाच हंगाम तो याच म्हाताऱ्यामागे मेंढरं वळत हिंडला होता.

राज्य कुठलं ते विचारू नका. असल्या गोष्टी कुठल्याही राज्यात खपतात. तिथल्या साठ जणांच्या सभागृहात लोकांनी तेहतीस अपक्ष निवडून दिले होते, आणि दोन्ही पक्षांचे पुढारी अजून गाल चोळत होते. राज्यपालांनी त्याच संध्याकाळी पाचपर्यंत एका नावावर बहुमताच्या सह्या मागितल्या होत्या. दोन्ही पक्ष एक व्हायला तयारच होते. त्यांना फक्त चार अपक्ष फोडायचे होते.

“म्होरक्या कोन तुमचा?” मायाप्पाने विचारलं.

अजिनाथ घुटमळला. “परवा चिठ्ठ्या टाकल्या. तेहतीस चिठ्ठ्या निघाल्या… तेहतीस नावांच्या.”

म्हातारा हसला. खोकला येईपर्यंत हसला.

“हसू नका, तात्या. मग मी एकेकाला एकेक खातं कबूल केलं आणि माझ्या नावावर सह्या घेतल्या. खाती पुरेनात. मासेमारीचे तीन भाग केले. समुद्राचे मासे एकाला, नदीचे दुसऱ्याला, तळ्याचे तिसऱ्याला.”

“मग झालं की काम. हितं कशाला आलास?”

“फुटतील म्हणून! घाटातल्या एका हॉटेलात ठेवलंय सगळ्यांना. फोन काढून घेतलेत. दारावर माणसं बसवलीत. पण उद्या काय? परवा काय? तुम्ही जन्मभर कळप राखलात. कोंडायचं तुमच्याकडूनच शिकलो मी…”

मायाप्पाचा हात थांबला.

“लोकांनी त्यास्नी का निवडलं रं?”

“ते कुणाच्या दावणीला बांधलेले नाहीत म्हणून.”

“अन् तू काय केलंस?”

अजिनाथला आधी शरम वाटली, मग राग आला. आमदाराला खरं ऐकवलं की शरम फार वेळ टिकत नाही.

“बोलायला सोपं आहे! दोन्ही पक्ष म्हणतात, अपक्षांचं सरकार म्हणजे तराजूत बेडकं तोलणं. एक ठेवला की दुसरा उडी मारतो. मी त्यांना दाखवून देणार आहे! वाकणार नाही मी त्यांच्यापुढे!”

“मानसं कोंडायची रीत त्येंचीच हाय. वाकलास की तू.”

तेवढ्यात माळाच्या त्या टोकाला एक बाई उठली. काठी घेऊन पुढे आली.

“ही कोण?”

“हिराबाई. औंदा आमची म्होरकी.”

“किती मेंढरं तिची?”

“चाळीस.”

“आणि तुमची?”

“तीनशे.”

“तीनशेचा मालक चाळीसवालीच्या मागे जातो?”

“अकरा मालक हाय आमी. कुनी कुनाचा चाकर न्हाई. निघायच्या दिशी आमच्यातबी अकरा म्होरके हुते. दुपारपातूर मेंढरं तानेनं वरडाय लागली, मग धा जन शाने झाले. पान्याची वाट हिला ठावी. घातली पुढं.”

“आणि उद्या एखाद्याला ती वाट पटली नाही तर?”

“त्यो आपली मेंढरं घिऊन दुसऱ्या वाटंनं जातो. रोज सकाळी ज्येला त्येला मोकळीक. जानाऱ्याला आमी भाकरी बांधून देतो.”

“ती अडवत नाही?”

“म्होरक्यानं मागं वळून बघायचं न्हाई. कोन आलं, कोन ऱ्हायलं, मोजायचं न्हाई. बघितलं, की त्याच दिशी काठी दुसऱ्याला. रीत हाय.”

हिराबाईने हाळी दिली आणि ती चालू लागली. पुढे वाट फुटत होती. तिने डावी धरली.

मागे मालक उभे राहिले. एकाने तंबाखू थुंकली. एकजण उजव्या वाटेकडे बराच वेळ बघत होता.

हिराबाई चालतच होती.

मग पहिला कळप हलला. मग दुसरा. उजवीकडे बघणाऱ्याने मान झटकली आणि तोही डावीकडे वळला.

अजिनाथला तिचा हेवा वाटला. इतका हेवा त्याला कुठल्या मुख्यमंत्र्याचा कधी वाटला नव्हता.

खिशातला फोन वाजला. हॉटेलवरचा कार्यकर्ता होता. “साहेब, दोन्ही पक्षांच्या गाड्या फाटकावर आल्यात. आतून कुलूप घालू?”

“दारं उघड.”

“काय?”

“दारं उघड. ज्याचा त्याचा फोन परत दे. सह्यांचे कागद परत दे. खात्यांचा शब्द मी मागे घेतलाय म्हणून सांग सगळ्यांना. मी राजभवनाकडे निघालोय. ज्याला माझी वाट पटेल त्याने यावं, नाही पटणार त्याने खुशाल जावं.”

“साहेब, एक माणूस राहणार नाही! गेलं सरकार!”

“कुलपातलं सरकार लोकांनी मागितलं नव्हतं. उघड म्हणतो ना!”

अजिनाथने फोन ठेवला. मायाप्पा घोंगडं खांद्यावर टाकून उठला होता आणि आपली तीनशे मेंढरं डाव्या वाटेला लावत होता.

“तात्या…” अजिनाथने हाक मारली. “आणि मागे एकही आला नाही तर?”

“तू तर पोचशील न्हवं?”