फळ्यावरचा पासवर्ड

नगरपालिकेच्या सभागृहात बिवलकरांचा आवाज घुमत होता. ते एका बड्या कंपनीचे सल्लागार. शहराच्या पाणीपुरवठ्याचा सगळा कारभार त्यांना आपल्या कंपनीकडे हवा होता, म्हणून ते नगरपालिकेची यंत्रणा कच्ची ठरवत होते. "तुमच्या पंपांच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड हाती लागू दे, इथे बसून शहराचं पाणी तोडतो!"

संगणक विभागाची शलाका तांडेल उठली. तिने खडू उचलला आणि खराखुरा पासवर्ड फळ्यावर लिहून टाकला. "घ्या साहेब. तोडा."

एकच गलका झाला. नगराध्यक्षा मालतीबाई तर खुर्चीतून अर्ध्या उठल्या. बिवलकरांनी हसत लॅपटॉप उघडला, बटणं दाबली, मग बडवली. कपाळावर घाम आला. "पासवर्ड खोटा आहे!"

"पण साहेब, पंपांच्या कॉम्प्युटरने तुम्हाला पासवर्ड विचारला तरी का?" शलाकाने विचारलं.

बिवलकरांनी पुन्हा लॅपटॉपकडे पाहिलं. पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं.

शलाका मालतीबाईंना शेजारच्या कंट्रोल रूममध्ये घेऊन गेली. तिथली वायर स्वतःच्या लॅपटॉपला जोडून तिने तोच पासवर्ड टाकला आणि पंपांचा पडदा झटकन उघडला!

"या कॉम्प्युटरला दोन जोडण्या आहेत, बाई. एक इंटरनेटची, एक या खोलीतली. लॉगिन फक्त या खोलीतल्या जोडणीवरून घ्यायचं, असा नियम मी त्याच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे राखणदार प्रोग्रॅममध्ये, घातलाय. इंटरनेटवरून कोणी कितीही हाका मारल्या, तरी तो ओ देत नाही."

मागोमाग आलेले बिवलकर दारातून ओरडले, "मग मला या खोलीत बसू द्या, दाखवतोच!"

"बसा की," शलाका म्हणाली, "फक्त या दाराला पासवर्ड चालत नाही, बाईंची परवानगी लागते."

मालतीबाईंनी हसत दार लोटून घेतलं.