रानगाईचे पांढरे पाय

कृतयुग सरत आले होते आणि त्रेतायुगाचे पाऊल अजून उंबऱ्याबाहेर होते, त्या काळची ही गोष्ट. पशूंच्या गळ्यात तेव्हा दावे नव्हते, नाकात वेसण नव्हती. माणूस नदीच्या या काठाला पाणी पीत असे, गाय त्या काठाला, आणि कोणी कोणाची वाट अडवीत नसे.

अशा काळी विंध्याच्या दक्षिणेस उग्रबाहू नावाचा राजा झाला. पराक्रमी, दानशूर, पण 'नाही' ऐकायची सवय नसलेला. त्याने बारा वर्षे एका पायावर उभे राहून तप केले, तेव्हा ब्रह्मदेव प्रसन्न झाले. म्हणाले, "राजा, तुला एकच शब्द देतो. दाम्य! म्हणजे आवर घाल." कोणाला, हे विचारायला राजा थांबला नाही. तपोवनाबाहेर येताच समोरच्या मदोन्मत्त हत्तीवर त्याने तो शब्द टाकला. हत्ती गुडघे टेकून बसला. मग घोडे बसले, रेडे बसले, बैल बसले, आणि राजाचा सेवक कंकट वेसणींची मोळी खांद्यावर घेऊन त्याच्यामागे हिंडू लागला.

सह्याद्रीच्या एका घळीत कुशावती नावाची वृद्ध तापसी राहत होती. वेद तिला फारसे येत नव्हते. साठ वर्षे तिने आपल्या कुंडातला अग्नी विझू दिला नव्हता, एवढेच तिचे तप. तिच्या अंगणात एक रानगाय येई. काळ्या शिळेसारखी पाठ, चंद्रकोरीसारखी शिंगे. पहिल्या वर्षी ती ओढ्यापलीकडे उभी राहून नुसती बघत असे. दुसऱ्या वर्षी ओढा ओलांडून आली. तिसऱ्या वर्षी तिने म्हातारीच्या खांद्यावर हनुवटी टेकली. कुशावतीने तिला कधी हाक मारली नव्हती. अंग चोरले नाही, एवढेच.

त्या घळीत एके दिवशी राजा आला.

"म्हातारे, कोणत्या मंत्राने वश केलीस हिला?"

"मंत्र मला येत नाहीत, राजा. ती आली."

"पशू येत नसतो. आणावा लागतो."

कुशावतीने रानगाईच्या खुरातला काटा काढून संपवला, मग सावकाश मान वर केली. "तू आणलेले पुष्कळ असतील. आलेला एक तरी आहे का तुझ्या पागेत?"

कंकटाला खोकला आला. राजाने त्याच्याकडे वळून पाहिल्यावर तो थांबला.

"हिच्यामागे रानात सातशेंचा कळप आहे," राजा म्हणाला. "ही वाकली की कळप वाकेल. उद्या ते सातशे माझे रथ ओढतील. बाजूला हो!" आणि त्याने गर्जना केली, "दाम्य!"

रानगाईच्या पाठीवर शहारा उठला. तिची मान हळूहळू खाली आली, पुढचे गुडघे थरथरू लागले. पण ती डोळे मिटेना. म्हातारीकडेच बघत राहिली. कंकट वेसण घेऊन पुढे सरकला.

कुशावतीला ती नजर सोसवली नाही. तिने कमंडलू उचलला आणि साठ वर्षांच्या अग्नीवर उपडा केला. वाफेचा लोट उठला. ओंजळभर ओली राख घेऊन ती रानगाईपुढे उभी राहिली.

"माझे सगळे तप यात आहे. ते मी आज संपवते! दमन हे ज्याचे त्याने करायचे, राजा. ब्रह्मदेवाने तुला तुझ्यापुरता शब्द दिला, तू तो जगावर फेकलास. आजपासून दुसऱ्यावर टाकलेला हा शब्द टाकणाऱ्याच्याच अंगात शिरेल!"

"राखेने राजे घाबरत नाहीत," राजा हसला. "दाम्य!"

त्याच्या हातातले धनुष्य खाली आले.

"दाम्य!"

त्याचे गुडघे वाकले. तिसऱ्यांदा त्याने ओठ उघडले, पण शब्द पुरा झाला नाही. तो धुळीत बसला, घामाने निथळलेला, आणि धापा टाकत म्हणाला, "कंकटा... मी दमलो."

कंकटाने वेसणींची मोळी खाली टाकली. "महाराज, मी तर कधीचाच दमलोय."

धाप ओसरल्यावर राजाने विचारले, "मग हिच्या येण्याला काय म्हणायचे?"

"ती माणसाळली."

"कोणी माणसाळवली?"

"पुन्हा तेच!" म्हातारी म्हणाली. "ती माणसाळली. केले ते तिने."

मग ती वाकली आणि हातातली राख तिने रानगाईच्या थरथरत्या पायांना चोळली, खुरापासून गुडघ्यापर्यंत, चारही पायांना. रानगाय ताठ उभी राहिली. राजाच्या अंगावरून, त्याला न तुडवता, ती रानात निघून गेली.

तेव्हापासून आपल्या मुलखात 'दमणे' म्हणजे थकणे. लोकांनी पुढे 'माणसाळवणे' असाही शब्द ओढूनताणून केला, पण जनावर आपणहून माणसाळल्याखेरीज तो कोणाला साधत नाही. कुशावती होती तोवर ती रानगाय येत राहिली. म्हातारी गेल्यावर त्या वंशातले कोणी माणसाच्या अंगणात आले नाही, आणि त्यांच्या नाकात वेसण घालणारा अजून जन्मायचा आहे. त्यांनाच आपण गवे म्हणतो. घाटात कधी गवा दिसला, तर त्याचे पाय बघावेत. काळ्याभोर अंगाखाली चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे आहेत.