कांडपिणींच्या वाट्याच्या कण्या

पूर्वी वेण्णाकाठच्या एका नगरात धर्मसेन राजाचे राज्य होते. तेव्हा बोधिसत्त्व तिथे तांदळाचे व्यापारी होते. यशगुप्त हे त्यांचे नाव.

त्यांच्या कांडपशाळेत गरीब बायका भात कांडायला येत. रीत अशी, की अख्खा तांदूळ व्यापाऱ्याचा आणि उखळात मोडलेल्या कण्या कांडपिणींच्या. त्या कण्यांवरच त्यांच्या चुली पेटत.

पुढे एका सुताराने नदीच्या पाण्यावर चालणारे मुसळ केले. ते न थकता कांडी, आणि दाणा सहसा मोडत नसे. यशगुप्तांचा भाचा नंदक कारभार पाही. तो हे मुसळ पाहून आला आणि मामांच्या मागेच लागला. पैलतीरचा व्यापारी आधी बसवील आणि आपण माशा मारत बसू, असे तो रोज ऐकवी. यशगुप्त आज नको, उद्या बघू, म्हणून टाळीत. गरिबांच्या पोटावर पाय कसा द्यावा, हा त्यांना घोर होता. नगरात त्यांच्या दयेची वाहवा होई, आणि खोटे कशाला सांगा, ती त्यांना गोडही लागे.

एकदा ते कांडपशाळेत गेले, तर म्हातारी तिसा डाव्या हाताने मुसळ उचलत होती. उजवा खांदा पार निकामी झाला होता. हे असे किती दिवस चालले आहे, असे यशगुप्तांनी विचारले.

"धनी, तुम्ही दया केलीत, पण या खांद्याला कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "आणा की ते नवं मुसळ. फक्त एवढं सांगा, त्यात कण्या पडत नाहीत, मग माझ्या नातीनं खायचं काय?"

यशगुप्तांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. परत येऊन त्यांनी नंदकाला सांगितले, की मुसळ याच हंगामात बसवायचे, बायकांनी तिथे पाखडायचे, आणि कण्यांऐवजी त्यांना तेवढाच अख्खा तांदूळ आधी मोजून द्यायचा.

"मामा, मग आपल्या हाती उरलं काय?"

"थोडं उरेल, बाळा. आजवर मी नफा सोडला म्हणून मिरवलो. भार मात्र त्यांच्या खांद्यावर होता."

मुसळ बसले. पहिल्या दिवशी तिसाने पदरातून तांदूळ घरी नेला आणि रांधला. नात पानाकडे बघतच राहिली. पिढ्यान्‌पिढ्या भात कांडणाऱ्या त्या घरात अख्खा दाणा कुणी खाल्लाच नव्हता.

"आजी, भात असा लांब असतो?" तिने विचारले. तिसाने नातीच्या पानात आणखी भात वाढला.

आपल्या पूर्वजन्माची ही कथा भिक्षूंना सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा नंदक म्हणजे विहाराच्या बांधकामाची घाई करणारा हा भिक्षू. आज आपल्या पात्रांत भात वाढून गेलेली वृद्धा ती तिसा होती, आणि यशगुप्त मीच होतो. नवे कधी आणावे, हे जुन्याचा भार वाहणाऱ्याला विचारावे. करुणा माझ्यापाशी आधीच होती. प्रज्ञा मला त्या जन्मी तिसाने दिली."