मंगळवारचं कोर्ट

"सोयीचं तेवढं मोजायचं, नडेल ते सोडून द्यायचं, आणि वर आपणच न्याय केला म्हणून मिरवायचं... लाज कशी वाटत नाही?"

हे कुणासाठी होतं, ते सौमित्रने सांगितलं नाही. समोर फक्त अण्णा राऊळ होते, आणि त्यांच्यासाठी तर ते नक्कीच नव्हतं.

अण्णांनी मान वर केली नाही. सावंतवाडीच्या त्या लाल मातीच्या टेनिस कोर्टावर ते दोरीला बांधलेलं ओलं गोणपाट ओढत होते. नुकताच पास्कू लोबोंबरोबर त्यांचा एक सेट झाला होता. अण्णा जिंकले होते. पास्कूंना त्यांच्याविरुद्ध जिंकलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

इथला रिवाज जुना. जिंकेल त्याने कोर्ट झाडायचं, हरेल त्याने बाकावर बसून पाणी प्यायचं. पास्कू बाकावर बसून पाणी पीत होते.

सौमित्र बोलत बोलत अण्णांच्या मागे चालला होता. झाडलेल्या मातीवर त्याच्या बुटांचे ठसे उमटत होते. अण्णा न बोलता वळले, तेवढा पट्टा पुन्हा ओढला.

सौमित्रला त्याचं भान नव्हतं. आजवरच्या पुरुष टेनिसपटूंत पहिला कोण, या प्रश्नाने त्याची झोप उडवली होती. कसोटी एकच, चार मोठ्या स्पर्धा, यावर तो ठाम होता. विजेतेपदाला किती गुण, अंतिम फेरीत हरला तर किती, उपांत्य फेरीला किती, सगळं त्याने ठरवलं होतं. गवत, माती आणि सिमेंट, तिन्हीवर जिंकणाऱ्याला वर जादा. कुणावर अन्याय नको.

मोठ्या उत्साहाने त्याने ही क्रमवारी ओजस धुरीला दाखवली होती. ओजस त्याचा दुहेरीतला जोडीदार, अगदी शाळेपासूनचा. ओजसने शांतपणे विचारलं होतं की एके काळी व्यावसायिक खेळाडूंना या स्पर्धांत पाऊलही ठेवू देत नसत, त्यांच्या हुकलेल्या वर्षांचं काय केलंस? न खेळलेल्या मॅचला गुण नसतात, असं सौमित्र म्हणाला. मग तुझ्या क्रमवारीला अर्थ नाही, असं ओजस म्हणाला.

तिथून बिनसलं ते बिनसलंच. रविवारी कुडाळच्या जोडीशी सामना होता, आणि ही जोडी एकमेकांशी बोलत नव्हती. ओजसने चूक कबूल केल्याशिवाय त्याच्या शेजारी उभं राहायचं नाही, असं सौमित्रने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"तुम्हीच सांगा, अण्णा. तुम्ही सांगितलंत की तो गप्प बसेल."

"गप्पच आहे ना तो?"

बाकावर पास्कूंना ठसका लागला.

अण्णा कोपऱ्यापर्यंत गेले, वळले.

"अंतिम फेरीत हरलेल्याला किती दिलेस?"

"जिंकलेल्याच्या निम्मे."

"उदार आहेस."

सौमित्र चिडला. "कुणीतरी पहिला असलाच पाहिजे, अण्णा. नाहीतर इतकं झिजून खेळायचं कशाला?"

"असेल ना. मी कुठे नाही म्हणतो..." अण्णा थांबले. "मंगळवारी तुम्ही दोघं खेळलात. कोण जिंकलं?"

"मी. सहा-दोन." एवढं सांगताना त्याची छाती थोडी पुढे आलीच.

"अस्सं? मला वाटलं, ओजस."

"ओजस? कसं काय?"

"मी उशिरा आलो. तेव्हा तो झाडत होता."

...

सौमित्र जागच्या जागी उभा राहिला.

क्रमवारीवरचं ते भांडण त्या दिवशी खेळता खेळताच पेटलं होतं. शेवटचा गुण मिळाला तसा तो रॅकेट खांद्याला अडकवून तडक फाटकाबाहेर पडला होता. मागे वळूनही पाहिलं नव्हतं. कोर्ट कुणी झाडलं असेल, हे त्यानंतर एकदाही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्याचे कान तापले.

"काही बोलला का तो?"

"नाही. रेषांवर फक्की टाकून गेला. तुझ्या बाजूच्याही."

सौमित्रने विचारलं, पण आता आवाज खाली आला होता. "मग... पहिला कोण, अण्णा?"

अण्णांनी दोरी त्याच्या हातात दिली.

"तुझे ठसे राहिलेत," ते म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले.

सौमित्रने बूट काढले. गोणपाट ओढायला लागला. आधी ठशांवरून, मग त्यांच्या पलीकडेही, झाडून झालेलं सगळं कोर्ट पुन्हा.

फाटक वाजलं. ओजस सरावाला आला होता. अनवाणी सौमित्र, हातात दोरी, आणि अण्णा बाकावर, हे पाहून तो दारातच थबकला.

"आज कोण जिंकलं, अण्णा?"

अण्णांनी सौमित्रकडे पाहिलं.

"मंगळवारचं राहिलं होतं माझं," सौमित्र म्हणाला. गोणपाट थांबलं नाही.

ओजसने रॅकेट बाकाला टेकवून पाण्याचा पाइप उचलला आणि तो सौमित्रच्या मागून, झाडलेल्या मातीवर बारीक पाणी शिंपडत निघाला.

दुसऱ्या फेरीला सौमित्र म्हणाला, "ती हुकलेली वर्षं..."

"रविवारनंतर," ओजस म्हणाला. "आता सरळ ओढ."

माती गडद होत गेली. अण्णांनी पाय लांब केले. पास्कूंनी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली आणि त्या दोघांकडे बघत ते मोठ्या समाधानाने म्हणाले,

"म्हणान तर मी कधी जिंकणंय नाय. माझी कंबर दुखता."