फुलाऱ्याचा फोटो

एकदा एक शिक्षिका पर्समध्ये छोटासा कॅमेरा घेऊन एका वृद्ध छायाचित्रकाराच्या दारी आली. मोबाइलमधून फोटो काढायची सवय गावाला अजून लागायची होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. गाव नदीकाठचं, घाटाला लागून देवळांची रांग आणि देवळांमागच्या गल्लीत या वृद्धाचं घर. स्टुडिओ त्यांनी केव्हाच बंद केला होता. ओसरीवर बसून नदीवरचा उजेड बदलताना बघत राहायचं, एवढाच उद्योग आता उरला होता आणि तो ते मनापासून करत.

शिक्षिकेचं नाव हेमलता. मुलींच्या शाळेत तिनं बरीच वर्षं घालवली होती आणि वर्गभर मुलींना एका नजरेनं गप्प करण्याबद्दल तिची ख्याती होती. नमस्कार करून ती टेकते न टेकते तोच म्हणाली, "काका, मला फोटो काढायला शिकवा. जरा घाई आहे."

वृद्धानं कॅमेरा हातात घेतला. साबणाच्या वडीएवढा जीव, मनगटात अडकवायला नाडी, वर एक मोठं बटण.

"दुकानदार म्हणाला, नवशिक्यांसाठी हाच बरा," हेमलता म्हणाली. "उजेड, अंतर, सगळं तोच बघतो. आपण फक्त बटण दाबायचं."

"दुकानदार खरं बोलला. मग शिकायचं काय राहिलं?"

तिनं कॅमेरा घेऊन मागच्या पडद्यावर एकेक फोटो दाखवायला सुरुवात केली. सगळे तिच्या वडिलांचे होते. कुठे त्यांनी मान फिरवलेली, कुठे डोळे मिटलेले, आणि जिथे ते समोर बघत होते तिथे चेहरा असा, की जणू कुणी नोटीस बजावायला आलंय.

"हे माझे अप्पा नव्हेत, काका," ती म्हणाली. "कॅमेराच साधा आहे. मोठा घेऊ का?"

वृद्धानं पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. "याला चेहरा सापडतो का गं?"

"सापडतो की. समोर चेहरा आला की त्याच्याभोवती आपोआप पिवळी चौकट येते."

"मग यंत्राचं काम झालं. उद्या सकाळी मी तुमच्या घरी येतो."

हेमलताची घाई कशासाठी होती, ते आधी सांगायला हवं. तिचे अप्पा फुलारी. देवळाच्या पायऱ्यांशी त्यांचं फुलांचं दुकान होतं. आता दुकान पुतण्याकडे होतं, पण हात स्वस्थ बसत नसत म्हणून घरच्या ओसरीवर बसून ते अजून हार करत. देवाचे हार, लग्नाचे हार त्यांनी केलेच; पण गावात कुणी गेलं की तेराव्याचा हारही त्यांच्याकडूनच जाई. माणसं यायची, खाली मान घालून उभी राहायची आणि अप्पा हलक्या आवाजात विचारायचे, "फोटो केवढा हाय?" त्या मापानं ते हार ओवून द्यायचे. आयुष्यभर हे करून अप्पांच्या मनानं एक गोष्ट पक्की धरली होती: माणूस ऐटीत फोटो काढून घेतो आणि मग त्याचं माप आपल्याकडे येतं. म्हणून त्यांनी स्वतःचा फोटो कधी काढू दिला नाही. हार द्यायला लग्नघरी गेले, तरी फोटोवाला दिसला की ते मांडवामागे जात.

आणि आईचा फोटो? तिचा एकच होता. ती अचानक गेली, तेव्हा घरात तिचा धड एक फोटो निघेना. शेवटी ओळखपत्रावरचा टिकलीएवढा फोटो मोठा करून आणला. त्यात आईच्या कपाळाला आठी, ओठ घट्ट, डोळ्यांत धसका. अप्पा रोज पहाटे त्याला ताजा हार घालत, पण फोटोकडे बघत नसत. हेमलता मात्र बघे. बघून बघून असं झालं होतं, की आई आठवायला ती डोळे मिटायची आणि आठी पडलेली ती बाईच समोर यायची. खरी आई कशी दिसायची, ते तिच्या हातून निसटत चाललं होतं. या गोष्टीची तिला इतकी भीती वाटे, की ती कुणाजवळ बोललीही नव्हती. अप्पांना आता जिना चढताना धाप लागत होती. अप्पांचंही असंच झालं तर, या विचारानं तिनं कॅमेरा घेतला होता.

दुसऱ्या दिवशी वृद्ध आले, तेव्हा नदीवरचं धुकं गल्लीत शिरून ओसरीपर्यंत आलं होतं. समोरचं देऊळ दिसत नव्हतं, नुसती घंटा ऐकू येत होती. अप्पा घोंगडीवर बसले होते. पुढ्यात शेवंतीचा पिवळा ढीग, शेजारी निशिगंध, पाण्यात भिजत घातलेला केळीच्या सोपटाचा दोरा. थंडीत फुलांचा वास जमिनीलगत साचून राहिला होता आणि त्यात बसलेले अप्पा अर्धे जागे, अर्धे स्वप्नात असल्यासारखे दिसत होते.

हेमलतानं लगबगीनं कॅमेरा काढला. "अप्पा, काका आलेत. ताठ बसा. टोपी सरळ करा. इकडे बघा."

अप्पांचा चेहरा तत्काळ मिटला. "सकाळच्या पारी कशाला गं ते? मला न्हाई काढायचा फोटो."

वृद्धानं हेमलताच्या हातातून कॅमेरा हळूच काढून घेतला. तो अप्पांच्या ओल्या हातात ठेवला, नाडी त्यांच्या मनगटात अडकवली आणि म्हणाले, "अप्पा, तुमचा नकोच. तुम्ही हिचा काढा."

"मी?" अप्पा म्हणाले. "मला काय येतंय त्यातलं?"

"ज्याला काही येत नाही त्याच्यासाठीच आहे हा. वरचं बटण दाबायचं."

हेमलताला हे मुळीच रुचलं नाही. अप्पांचा फोटो व्हावा म्हणून यांना आणलं आणि हे भलतंच करत बसले. शाळेची वेळ होत आली होती. पण वडीलधाऱ्या माणसापुढे काय बोलणार? ती खांबाला टेकून उभी राहिली. अप्पांनी कॅमेरा आरशासारखा लांब धरला. "अप्पा, ते नाही, मोठं बटण. बोट काढा काचेवरून. हलवू नका." अप्पांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग गंमत वाटून आणखी दाबलं.

वृद्धानं कॅमेरा घेऊन पडदा हेमलतापुढे धरला. फोटो वाकडे होते आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात अप्पांचं बोट ढगासारखं आलं होतं. पण पिवळ्या चौकटीनं चेहरा अचूक टिपला होता. कपाळाला आठी, ओठ घट्ट, नजरेत धसका आणि घाई.

 हेमलतानं मान वळवून आतल्या भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे पाहिलं. तीच आठी होती.

"मी अशी दिसते?" तिनं हळूच विचारलं.

"नाही. तू अप्पांकडे अशी बघतेस," वृद्ध म्हणाले. ते ओसरीच्या कडेला बसले आणि सावकाश बोलू लागले. "पोरी, फोटोत एक माणूस दिसतो, पण तिथे दोघं असतात. समोरचा ज्याच्याकडे बघतो, त्याच्या नजरेची छाया समोरच्याच्या चेहऱ्यावर पडते. तुझ्या आईचा तो ओळखपत्रावरचा फोटो कचेरीत ज्यानं काढला, त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलंही नसेल. पुढच्या बाई या, एवढंच. आईचा तो चेहरा खोटा नाही, पण तो त्या खोलीतला आहे, या घरातला नाही. आणि तू? तू कॅमेरा धरतेस तेव्हा अप्पांना बघतच नाहीस. ते भिंतीवर कसे दिसतील, ते बघतेस. हा माणूस जन्मभर भिंतीवरच्या फोटोंचे हार करत आला. ती नजर त्याला ओळखू येणार नाही होय?"

हेमलताच्या डोळ्यांत पाणी आलं. अप्पांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून एक शेवंती दोऱ्यात ओवली.

"मग मी काय करू?" तिनं विचारलं.

"काही करू नकोस. कॅमेरा त्यांच्याकडेच राहू दे."

एवढं बोलून वृद्ध उठले आणि धुक्यात दिसेनासे झाले.

कॅमेरा अप्पांकडे राहिला. सुरुवातीला हेमलताला ते जड गेलं. पण अप्पांना त्या वस्तूचा असा काही नाद लागला, की बघत राहावं. पहाटे फुलं आली की ते आधी त्यांचे फोटो काढत. परडीत झोपलेल्या मांजरीचे काढत. नदीवरून धुकं उठताना त्याचेही काढत आणि पडद्यावर नुसतं पांढरं दिसलं तरी म्हणत, "बघ, आलंय का न्हाई सगळं?" प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात बोट असेच. हेमलतानं ते सांगायचं सोडून दिलं. शाळेतून आली की ती त्यांच्याजवळ घोंगडीवर बसू लागली. लहानपणी बसायची तशी, पाय पोटाशी घेऊन, निशिगंधाचे देठ खुडत. ते काही विचारत, ती काही सांगे. दिवे लागायच्या वेळी फुलांचा रंग आधी जाई, मग आकार जाई आणि फक्त वास उरे. त्या वासात बसून कित्येक वर्षांनी आपल्याला कुठेही निघायची घाई नाही, असं तिला वाटे आणि बरं वाटे.

असंच एका रविवारी सकाळी अप्पा आपल्या पोरवयातली एक हकीकत सांगत होते. पहिला हार त्यांनी इतका सैल ओवला होता, की देवाच्या गळ्यात पडता पडता त्याची सगळी फुलं पुजाऱ्याच्या डोक्यावर सांडली. हेमलता हसत होती. अप्पांनी सांगता सांगता कॅमेरा उचलला, बटण दाबलं, पडदा जवळ नेला आणि बोलायचे थांबले.

"काय झालं, अप्पा?"

अप्पा बराच वेळ त्या छोट्या पडद्याकडे बघत राहिले. मग कॅमेरा त्यांनी तिच्याकडे सरकवला. "ही तर तुझी आई," ते म्हणाले.

हेमलतानं पाहिलं. कोपऱ्यात बोटाचा ढग होता. त्याच्या पलीकडे, पिवळ्या फुलांच्या उजेडात, एक बाई हनुवटी गुडघ्यावर टेकून समोरच्या माणसाकडे बघत होती. ऐकलेलीच गोष्ट पुन्हा ऐकताना मनापासून हसत होती. आई अशीच बघायची. अप्पा दुकानातून येऊन दिवसभराच्या गमती सांगत, तेव्हा चुलीपुढे बसून याच डोळ्यांनी बघायची. डोळे मिटून जे सापडत नव्हतं, ते तिच्या स्वतःच्या चेहऱ्यात बसलं होतं आणि अप्पांनी बघितल्यावर बाहेर आलं होतं. तिला रडू आलं, आणि ते तिनं येऊ दिलं.

अप्पांनी तिच्या पाठीवर हात फिरवला. मग बऱ्याच दिवसांनी त्यांनी मान वर करून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "बिचारी," ते म्हणाले. "त्या हापिसात लई वेळ उभी केली होती तिला. आली तेव्हा पाय दुखत होते."

 बाहेर धुकं विरळ होत होतं आणि देवळाचा कळस दिसू लागला होता.

अप्पांनी मनगटातली नाडी सोडवली, कॅमेरा धोतराच्या सोग्यानं पुसला आणि तिच्या हातात दिला. हेमलता दचकली. तिला काही मागायचं नव्हतं. खरं सांगायचं तर, या सगळ्यात अप्पांचा फोटो काढायचा आहे, हेच ती विसरून गेली होती.

अप्पांनी टोपी सरळ केली नाही. मांडीवर अर्धा ओवलेला हार तसाच ठेवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि जो प्रश्न त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना हलक्या आवाजात विचारला होता, तो त्यांनी आता मिश्कील डोळ्यांनी विचारला.

"फोटो केवढा करणार?"

हेमलतानं डोळे पुसले. कॅमेरा तिनं डोळ्यांपुढे धरला नाही. तो छातीशी धरला आणि त्याच्यावरून अप्पांकडे पाहिलं.

"तळहाताएवढा," ती म्हणाली. "पर्समध्ये मावेल एवढा. हार नाही बसायचा त्याला."

"मग काढ," अप्पा म्हणाले.