अनसूयाबाईंची कवळी

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात म्हाताऱ्यांना कवळी फुकट मिळे. मात्र अधीक्षक दाभाडेसाहेबांची मंजुरी मिळण्यापेक्षा साठीनंतर अक्कलदाढ उगवणे सोपे होते. अनसूयाबाईंच्या जुन्या कवळीला तडा गेला होता आणि भाकरी कायमची सुटली होती.

नव्या कवळीचा अर्ज घेऊन त्या कचेरीत आल्या, तसे साहेब हसले. “आजी, या वयात नटून कुणाला दाखवायचंय? कवळी म्हणजे नुसती हौस!”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी कवळी काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि बोळक्या तोंडाने आपली कैफियत मांडू लागल्या. फुसफुशीपलीकडे काही उमटेना.

साहेब वैतागले. “अहो, एक अक्षर कळत नाही! आधी दात लावा बघू!”

बाईंनी कवळी लावली. “का साहेब, मी सुंदर दिसावं म्हणून?”

साहेबांनी अर्ज ओढून त्यावर सही केली.